मेणबत्ती विझेपर्यंत

ज्या अर्ध्या तासाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, त्याच अर्ध्या तासात माझ्या नवऱ्याच्या अंगात विष चढत होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि मी डोळे मिटून शांत होत होते! आता सांगतानाही माझं मलाच पटत नाही.

मी तोंडाची फटकळ. गल्लीत कोणाच्या घरी भांडं पडलं तरी लोक म्हणायचे, ही बाई सुरू झाली. त्यात ते कापसाच्या नासाडीचे दिवस. अळीनं बोंडं आतून पोखरलेली, गावात कोणी कोणाशी धड बोलेना. वणीच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या वाचनालयात मी पुस्तकं द्यायचं काम करत होते. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याचं तेच तेच रडगाणं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सगळा राग नवऱ्यावर काढायचा. आमचे हे मुळातच अबोल. आपल्या वावरात काम नसलं की पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीला जायचे, आणि घरी येऊन माझी बोलणी खायचे.

वाचनालयात एकदा पुठ्ठा उडालेलं एक पुस्तक हाती लागलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्टोइक नावाच्या तत्त्वज्ञांबद्दल होतं. ते म्हणे संध्याकाळी गप्प बसून दिवसाचा झाडा घेत. आज काय चुकलं, काय बरं केलं, काय करायचं राहिलं. आणि जे आपल्या हातात नाही त्याची कटकट करत बसायचं नाही. मी हरखलेच. भाव हातात नाही, अळी हातात नाही, जीभ तेवढी आहे!

लगेच घरात कायदा लागू. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि ती विझेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. किराणा दुकानातली बोटाएवढी मेणबत्ती, अर्धा तास पुरायची.

"आन मंधात काही सांगाचं असलं तं?" ह्यांनी विचारलं.

"मेणबत्ती इझल्यावर सांगाचं," मी म्हटलं. "आपल्या हातात नाही ते तं बोलाचंच नाही."

ह्यांनी मान हलवली. पहिल्या संध्याकाळी मीच दोनदा बोलले. हे एकदाही नाही.

आठ-दहा दिवसांत खरंच फरक पडला. जेवताना आम्ही हसायला लागलो. शेजारणीला मी तोऱ्यात सांगितलं, तूही करून पाहा.

त्या दिवशी हे फवारणीवरून आले ते भिंतीला हात लावत लावत. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारायचा आणि तो तोंडावरच उतरायचा. एका औषधानं अळी मरेना, म्हणून गावात सगळेच दोन-तीन औषधं एकत्र कालवत, तीही कोपरापर्यंत हात घालून. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं, थकले असतील. चहा दिला, तो तसाच बाजूला राहिला. मी मेणबत्ती लावली आणि डोळे मिटले.

मध्येच डोळे किलकिले करून पाहिलं. हे मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, कपाळावर घाम, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सारखं तोंड पुसताहेत. मला काय वाटावं? हेवा वाटला हो, हेवा! म्हटलं, पुस्तक वाचलं मी आणि साधलं ह्यांना.

थोड्या वेळानं ह्यांचा आवाज आला. जड, ओलसर.

"मेणबत्ती इझली का व?"

मेणबत्ती ह्यांच्या पुढ्यात होती. अजून निम्मी जळायची होती. नियम मोडला म्हणून माझं डोकंच सटकलं.

"दिसत नाही का तुमाले?"

"नाही न," हे म्हणाले. "दुपारपासून सारं धुरकट दिसून राह्यलं. आता तं काईच नाही. म्हटलं, इझली की मंग सांगतो तुले."

माय वं! ह्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पापण्या वर केल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. दुपट्टा लाळेनं निथळत होता.

"आल्या आल्या सांगितलं काहून नाही?" मी किंचाळले.

"तूच तं म्हनली," हे पुटपुटले. "हातात नाही ते बोलाचं नाही."

शेजारच्या मेकॅनिक चाचांनी ऑटो काढली. रस्त्यावर खाणीतून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची रांग. चाचा हॉर्न दाबत होते, ट्रकवाल्यांना शिव्या घालत होते. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी म्हणत होते, बोला, काहीही बोला, मले शिव्या द्या. हे गप्प. त्या गप्प बसण्याइतकी भीती मला जन्मात कशाची वाटली नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "त्रास केव्हापासून?"

"दुपारपासून."

"घरी केव्हा आले?"

"दिवेलागणीला."

"मग एवढा वेळ काय करत होते तुम्ही?"

ह्यांची लाळ मी पदरानं पुसली.

"शांत बसलो होतो," मी म्हणाले. डॉक्टर सुई भरायला वळले.

चौथ्या दिवशी ह्यांना नीट दिसायला लागलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "इझली का व?" आणि हसले. मी एक धपाटा घातला आणि तिथंच वॉर्डात ढसाढसा रडले.

पुस्तक मी परत कपाटात ठेवलं. त्याला कशाला दोष देऊ? त्यानं मला माझी जीभ आवरायला सांगितली होती, मी दुसऱ्याचं तोंड बंद केलं. आम्ही अजूनही संध्याकाळी बसतो. फक्त आता मेणबत्ती विझेपर्यंत ह्यांनीच बोलायचं. टाच दुखते, कोपराला खाज आहे, वरणात मीठ जास्त झालं, जे असेल ते. कधी हे म्हणतात, "आज काईच नाही व." मग मी खेकसते, "काईच नाही कसं? सांगा!"

पण त्याआधी, काडी ओढून मेणबत्ती लावली की मी रोज विचारते, "दिसते का?"

"दिसते," हे म्हणतात.

मग मी बसते. डोळे मात्र मिटत नाही.