ट्रान्सफॉर्मरवाल्या काकू

देवावर रुसायची मला सवयच आहे, पण त्या शनिवारी मी चक्क भांडले. अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या गराजमध्ये आम्ही काही निवृत्त मंडळी मलावीतल्या एका खेड्यातल्या रुग्णालयासाठी सामान बांधत होतो. मी नवजात बाळांची डॉक्टर. तिथे थोडे दिवस काम करून आले होते. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथे गरम पाण्याच्या बाटल्यांशेजारी निजवतात. पाणी निवलं की काय होतं, तेही मी पाहिलं होतं. म्हणून खटपट करून दोन बेबी वॉर्मर मिळवले, हळदकुंकू वाहून नारळ फोडला. आणि ट्रक यायच्या जरा आधी आमच्या ह्यांच्या ध्यानात आलं, की ही यंत्रं इथल्या एकशेदहा व्होल्टची, तिथली वीज दुपटीहून जास्त. लावताक्षणी जळणार! जन्मभर विजेत काढलेला इंजिनिअर घरात, पण हळदकुंकवाच्या गडबडीत प्लगकडे कुणी पाहिलंच नव्हतं. "देवा, ह्यात माझा काय स्वार्थ होता रे?" म्हणत मी खोक्यावर बसून रडले.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. माझ्याहून वयस्कर, अनोळखी काकू उतरल्या. "तुम्ही आफ्रिकेला वस्तू पाठवता, असं मंदिरात कळलं. मी घर सेल करतेय. इंडियातून आणलेल्या मिक्सरसाठी घेतलेला हा ट्रान्सफॉर्मर कुणी घेईना, आणि टाकून द्यायला जीव होत नाही बघा."

ह्यांनी तो जड डबा उचलून उलटसुलट पाहिला. "काकू, हा उलटाही चालतो! तिकडची वीज इकडच्यासारखी करतो!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, आपलाही असेल की अ‍ॅटिकमध्ये!" आमचा मिक्सर केव्हाच गेला होता, ट्रान्सफॉर्मर धूळ खात बसला होता. ह्यांनी दोन्ही तपासले. वॉर्मरला पुरेसे होते. काकू मात्र गोंधळल्या, "मग तिकडे चटणी वाटणार का?" रडता रडता मला हसू फुटलं.

हा योगायोग असेलही. मी वाद घालत नाही. पण मी देवाशी भांडत होते, तेव्हा काकू घरून निघाल्याही असतील, हे मनातून जात नाही. हल्ली मागायचं ते मागते आणि कसं द्यायचं ते त्याच्यावर सोडते. पूर्ण जमतं असं नाही.

परवा तिथल्या नर्सनं व्हिडिओ कॉल केला. वॉर्मरमध्ये ओंजळीएवढी मुलगी हातपाय ताणून झोपली होती. नर्स कुजबुजली, "डॉक्टर, शी इज वॉर्म." माझे हात आपोआप जुळले, आणि मागायचं काही उरलंच नव्हतं.