मामांचा विहित नमुन्यातला प्रश्न

विद्यापीठ हे प्रश्न विचारण्यासाठी असतं असं मनापासून मानणारे अख्ख्या सिंधुदुर्गात एकच गृहस्थ उरले आहेत, आणि ते म्हणजे आमच्या हिचे आरोंद्याचे मामा. शिक्षण जुनी मॅट्रिक. एसटीच्या कंडक्टरपासून लग्नातल्या भटजींपर्यंत त्यांनी कोणालाच सोडलेलं नाही. मला पारखायला आले तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला; यांनी विचारलं, कुर्ली आडवी कित्याक चालता? आता खेकडा आडवा का चालतो, हे बँकेच्या परीक्षेत कुठे होतं हो!

तीनेक वर्षांपूर्वी मामांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि माडांची बोंडं गळायला लागली. घर त्या माडांवरच चालायचं. गाव म्हणालं, खाडी जवळ आहे, चालायचंच. मामांनी मात्र वहीची दोन पानं भरून 'माननीय विद्यापीठ यांस' पत्र धाडलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: अर्ज विहित नमुन्यात नाही, विद्यार्थी नोंदणी क्रमांक लिहावा. दुसरा कोणी कपाळाला हात लावून गप्प बसला असता. मामांनी सत्तराव्या वर्षी सरळ बी.ए.ला नाव घातलं.

पहिल्याच रविवारी विद्यापीठाच्या तालुक्यातल्या अभ्यासकेंद्रात एक तरुण मॅडम पदवीने नोकरीच्या संधी कशा वाढतात ते समजावत होत्या. मामा उठले. "मॅडम, माका नोकरी नको. माझ्या बावीचा पाणी खारा कित्याक झाला, ता सांगा." वर्ग हसला. मॅडम भूगोलाच्या, त्या हसल्या नाहीत. बघितल्याशिवाय कसं सांगू, म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी अख्खा वर्ग बाटल्या घेऊन मामांच्या विहिरीवर हजर. एवढ्या जणांना घावणे घालता घालता मामींनी हात टेकले.

तीन-चार रविवार मोजमाप चाललं, शेजारच्या विहिरीही तपासून झाल्या. उत्तर निघालं ते मामांवरच उलटलं. त्यांनी हौसेने बसवलेला मोठा पंप गोडं पाणी इतकं उपसत होता, की मागून खाडीचं आत शिरत होतं.  मामा म्हणाले, "म्हणजे ह्या मीयाच केलंय." दुसऱ्या दिवशी पंप उतरवला.

पाणी हळूहळू सुधारतंय. निम्मे माड मात्र गेले. परीक्षेला मामा बसलेच नाहीत. मी रागावलो, तर म्हणाले, "उत्तर गावला. आता परीक्षा कित्याक?" विद्यापीठाच्या कागदोपत्री ते शिक्षण अर्धवट सोडलेले विद्यार्थी आहेत. माझी पदवी पहिल्या वर्गाची, चौकट करून भिंतीवर लावलेली. खरं सांगतो, मला मामांचा हेवा वाटतो. पदवीच्या त्या तीन वर्षांत मी विद्यापीठात कोणाला एकही प्रश्न विचारल्याचं आठवत नाही.