रोंडा आंटीचा फ्रिज

ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या स्कोफिल्ड्सला आमच्या शेजारी रोंडा आंटी राहते. इथल्या मूळच्या विराजुरी लोकांतली, साठीकडे झुकलेली, शाळेच्या बसवर ड्रायव्हर. मुलगी सतत आजारी, म्हणून नात कायला तिच्याकडेच असते.

मे महिन्यात आंटीचा भाऊ गेला. ती कायलाला घेऊन गावी, डबोला गेली. त्यांच्यात दुःख सगळे मिळून पाळतात, लगेच निघता येत नाही. शाळेला तिने कळवलंही होतं. तरी पोरीची आबाळ होते, शाळा बुडते, अशी कोणीतरी तक्रार केली. बालकल्याण खात्याची बाई घर बघायला येणार, असा फोन आला.

मी म्हटलं, "आंटी, आवरायला येते."

ती चहा ढवळत राहिली. "माझी आई अशा लोकांसाठी गुडघे सोलपटेपर्यंत फरशी घासायची. तरी मला नेलंच, तेव्हा आमची पोरं सरकार अशीच उचलून न्यायचं. आई परत भेटली तेव्हा मला स्वतःला पोर झालं होतं. मी नाही घासणार, लीना."

घर तसंच राहिलं. सोफ्यावर कपड्यांचा ढीग, सिंकमध्ये ताटल्या. बाई आली, बोलायला मऊ होती. बोलता बोलता किचनमध्ये शिरली आणि पोरीला खायला काय आहे ते बघायला फ्रिजला हात घातला. आंटी मध्ये उभी राहिली.

"हिला विचार," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "हिची मुलगी शाळा बुडवून महिनाभर पुण्याला होती. हिचा फ्रिज कोणी उघडला?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "टीचरने विचारलं, ट्रिप कशी झाली."

बाई गोरीमोरी झाली. "सहकार्य केलं नाही, असं लिहावं लागेल मला."

"लिही. नाव नीट लिही."

मग ऑफिसातून बोलावणं आलं, एकटीला. आंटी बहिणी, भाचे, चुलत्या, सगळा गोतावळा घेऊन गेली. मीही शिफ्ट सोडून गेले. खुर्च्या म्हाताऱ्यांना दिल्या, बाकीचे कार्पेटवर मांडी घालून बसले.

अधिकारी म्हणाला, "फक्त पालक थांबा."

"हे सगळे तिचे पालकच आहेत. एकेकाला विचार."

त्याला विचारावं लागलं. दुपार त्यातच गेली. पुढच्या आठवड्यात केस बंद झाल्याचं कळलं.

माफी मात्र कोणी मागितली नाही, तक्रार जिथून गेली त्या शाळेनेही नाही. म्हणून दर सोमवारी, बसमधली मुलं उतरवली की आंटी कायलाच्या शाळेत जाते आणि प्रिन्सिपलच्या दारासमोर बसते. त्यांनी चहा विचारला, तर नको म्हणते.