रगत आणि रक्तगट

त्या दुपारी मी मार खाल्ला, आणि तो मला मिळायलाच हवा होता.

आमच्या मच्छीमार संघटनेसाठी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. मोठ्या बोटी आमच्या हद्दीत घुसतात, अडवलं की लोखंडी कांबा चालतात, डोकी फुटतात. रक्त लागणारच. माहिती ठेवायची कशी, यावरून कार्यालयातल्या सहकारी मुलीशी माझं वाजलं.

"रेकॉर्ड कर," ती म्हणाली. "खाने आधी ठरव. नाव, गाव, रक्तगट. खाना चुकला तर नोंदच होता कामा नये."

"खाने सरकार ठरवतं. त्यांच्या फॉर्मात न बसलेल्यांसाठीच लढतोय ना आपण? मी मॅप वापरणार, म्हणजे ठरलेले खानेच नाहीत. ज्याला जी चिठ्ठी लावायची ती लावू दे, खाली हवं ते लिहू दे."

"हो, आणि कुणी कुठली चिठ्ठी लावली ते शोधताना कॉम्प्युटरला पत्रक वाटून कळवणार तू?"

मी हसण्यावारी नेलं.

मग एका मोठ्या बोटीने आमच्या होडीवर सरळ धडक घातली. खलाशाची मांडी फळ्यांमध्ये चिरडली. मासळीच्या टेम्पोतून त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात आणला, तेव्हा हौद्यातला बर्फ लाल झाला होता.

"ओ निगेटिव्ह," डॉक्टर म्हणाले. "एकच पिशवी आहे. अजून दोन आणा, मग पायाला हात लावतो."

मी तिथेच यादी शोधली. दाता नाही. पुन्हा शोधली. नाही. कोल्हापूरच्या रक्तपेढीला फोन केला. गाडी घाटातून येणार होती.

तीन तासांनी बातमी ऐकून आमची यादी भरणाऱ्या, मासळी विकणाऱ्या मावशीचा फोन. "अरे मेल्या, माझ्या वाडीतले दोघं आहेत की! मीच तुझ्या यादीत घातलेत!"

घातले होते. चिठ्ठी होती 'रगत'. माझा प्रोग्रॅम शोधत होता 'रक्तगट'. शब्द सापडला नाही तर मॅप अडत नाही, ओरडत नाही. गुपचूप रिकामे हात दाखवतो. मावशीचं काय चुकलं? आमच्याकडे रगतच म्हणतात. लोकांची भाषा, लोकांची भाषा म्हणून पत्रकांतून बोंबलणाऱ्या मी कोडमध्ये माझा पुस्तकी शब्द बसवला, आणि कुणाला सांगितलाही नाही.

दोघं पाऊण तासात आले. पाय वाचला नाही. मांडीतून कापला.

खलाशाच्या भावाला मी सगळं खरं सांगितलं. त्याने गळपट्टी धरून माझं तोंड भिंतीवर आपटलं. "माझा भाऊस मरत होता आन् तू बटनं दाबीत होतास?" ओठ फाटला, दात हलला. मी हात उचलला नाही.

त्याच आठवड्यात मॅप फेकला, रेकॉर्ड केलं. खाने ठरवताना मावशीला शेजारी बसवली. रक्ताचा खाना रिकामा असेल तर आता नोंद होतच नाही.

एके सकाळी तोच भाऊ कार्यालयात आला. "माझं नाव लिव."

नाव, गाव लिहिलं. "रगत कुठलं?"

"म्हायत नाय."

"मग घेत नाही."

"मेल्या, परत मारीन."

"मार. पण आधी तपासून ये."

माझ्या ओठावरच्या टाक्यांकडे त्याने बघितलं, शिवी हासडली आणि लॅब कुठल्या रस्त्याला आहे ते विचारलं.