अप्पांचं इन्सुलिन आणि एक खोटी वेबसाइट

“मॅडम, हे खोटं असलं तर घोटाळा झाला की!” रूपाली भर तासात उभी राहिली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. दोन हजार सालानंतर लायब्ररीत इंटरनेट आलं आणि सायन्सची मुलं प्रोजेक्टसाठी पुस्तकांऐवजी कॉम्प्युटरपुढे बसू लागली. सापडेल त्याची प्रिंट काढायची, फाइलला लावायची. खऱ्याखोट्याची चौकशी कुणी करेना. म्हणून मी प्राचार्यांकडे एक तास मागितला.

“लायब्ररीनं पुस्तकं द्यावीत, मॅडम. ही तपासणी कशाला?” असं म्हणत त्यांनी तो कसाबसा दिला.

त्या तासाला मी रूपालीचाच प्रोजेक्ट घेतला. विषय मधुमेह. तिला एक इंग्रजी वेबसाइट सापडली होती. पांढऱ्या कोटातला डॉक्टर, खाली परदेशी विद्यापीठाचं नाव. दावा असा, की एका झाडाच्या पाल्याची पावडर घेतली की इन्सुलिन कायमचं बंद करता येतं.

“हे खरं कशावरून?” मी विचारलं.

“इंटरनेटवर हाय की!” मागच्या बाकावरून उत्तर आलं.

मी म्हटलं, “बहिणीला स्थळ आलं तर मुलगा स्वतःबद्दल सांगतो तेवढ्यावर लग्न ठरवता? चार ठिकाणी चौकशी करता ना? तशीच इथे करू.”

विद्यापीठाचं नाव सर्च केलं. ते त्या साइटशिवाय कुठेच नव्हतं. डॉक्टरचंही तेच. मग पानाच्या अगदी तळाशी गेलो. तिथे बारीक अक्षरांत डिस्क्लेमर, म्हणजे जबाबदारी झटकणारा मजकूर होता: हा वैद्यकीय सल्ला नाही. आणि प्रत्येक पानावर पावडर विकत घ्यायचं बटण. मुलं हसायला लागली. तेवढ्यात रूपाली उभी राहिली.

तिच्या वडिलांना बरीच वर्षं इन्सुलिन चालू होतं. “परवा फोनवर मीच सांगितलं मॅडम, इंजेक्शन बंद करा म्हणून. तो पाला आमच्या घरामागं परड्यात हाय. त्याचा रस घ्या म्हटलं.”

तास तिथेच संपला. आम्ही दोघी ऑफिसात धावलो. घर चंदगडजवळच्या खेड्यात. पावसानं त्यांचा फोन बंद पडलेला. शेजारच्या काजू फॅक्टरीचा नंबर रूपालीला पाठ होता.

“कोण पावणं? कुठनं बोलताय?” फॅक्टरीचे मालक ओरडून बोलत होते. मी सगळं सांगितलं. ते स्वतः जाऊन रूपालीच्या आईला घेऊन आले.

“कालपासनं टोचून घेतलं न्हाय त्यांनी,” आई म्हणाली. “सारखी तहान लागतीया. नुसतं पडून हाईत. पोरगी शिकल्याली हाय, ती सांगतीया म्हणून ऐकलं.”

रूपालीनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. “अव्वा, मी सांगितलेलं खोटं हाय. अप्पांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.” आवाज जराही हलला नाही. मालकांनी जीप काढली.

मग नुसतं थांबणं. प्राचार्य खुर्ची ओढून फोनपाशीच बसले. लाइन मोकळी राहावी म्हणून कुणालाही फोन लावू देईनात. रूपालीपुढचा चहा गार झाला. ती एकच विचारत होती, “मॅडम, उशीर झाला नसंल न्हवं?”

कॉलेज सुटायच्या सुमाराला फोन वाजला. फॅक्टरीचे मालक होते. साखर खूप वाढली होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं. अजून एखादा दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. “आता उठून बसल्यात. चहा बिनसाखरेचा दिला म्हणून आमच्यावरच चिडल्यात!”

प्राचार्य मोठ्यानं हसले. रूपाली तेव्हा कुठे रडली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

पुढे तिनं प्रोजेक्ट बदलला. ती साइट माणसाला कशी फसवते, हेच पुराव्यासकट मांडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘विषय सोडून’ असा शेरा मारून मार्क कापले. प्राचार्यांनी मात्र माझा तास टाइमटेबलात कायमचा घातला.

अप्पांनी ती वेबसाइट कधी पाहिलीही नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला तो लेकीवर. म्हणून मुलांच्या हातात प्रिंट दिसली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “हे घरी कुणाला सांगितलंस का?”