कान तुटलेला जग

आमच्या घरात काही खळ्ळकन वाजलं की लगेच सासूबाईंचा आवाज येतो, "कुणी हलायचं नाही. हात दाखवा!"

मग मी, नवरा आणि आमची खारू, तिघंही तळवे पुढे करून उभे. खारू म्हणजे माझी लेक. दिवसभर तुरुतुरु पळते म्हणून हे नाव. नवऱ्याला या वयातही आईला हात दाखवताना घाम फुटतो. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते. घर आहे की पोलीस चौकी?

सासूबाईंनी सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली, काचसामान सांभाळण्यात. प्रत्येक नळी धुवायची, उजेडासमोर धरून फिरवायची, नखानं टिचकी मारून ऐकायची. तास संपला की त्या दारात उभ्या. पोरांचे तळवे बघितल्याशिवाय एकालाही बाहेर सोडायच्या नाहीत. फोडणारा तोंडानं खोटं बोलतो, पण तुकडे लपवताना बोट कापून घेतोच, असं त्यांचं ठाम मत. पोरांनी नावच पाडलं होतं, 'हातदाखव बाई'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा संशय आहे, आवडायचंही.

गेल्या महिन्यात साखरेच्या बरणीचं काचेचं झाकण फुटलेलं सापडलं. आमचे तिघांचेही हात स्वच्छ. तरी सासूबाईंनी निकाल दिला, "खारूच. बघ कशी खाली मान घालून उभी आहे." अहो, दुसरीतली पोर, आजीनं डोळे वटारल्यावर मान वर कशी करेल? पण ऐकतंय कोण! त्या दिवसापासून खारूच्या हातात काच द्यायची बंद झाली. आम्हाला काचेचे ग्लास, तिला स्टीलचा पेला. पाहुण्यांसमोरसुद्धा.

मी दोन दिवस गिळून गप्प बसले. मग शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, "मी वही मागितली तर खारूनं आधी तळवे पुढे केले. घरी मारता का हो?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तशीच तणतणत घरी आले.

"आई, हे आता थांबलं पाहिजे."

"मला नव्हता का दिला पत्र्याचा पेला? मी काय मेले?" असं म्हणून त्यांनी शोकेसकडे बोट केलं.

तिथे निळ्या काचेचा एक जग आहे, कान तुटलेला. तुटका कानही शेजारीच ठेवलेला. हा त्यांच्या माहेरचा. त्या लहान असताना एके दुपारी तो पिठाच्या डब्यामागे लपवलेला सापडला. त्यांच्या आईनं ना चौकशी केली ना काही. "थोरलीच धसमुसळी, तिचंच काम," म्हणून मोकळी झाली. लग्न होऊन सासरी येईपर्यंत माहेरी त्यांच्या हातात कुणी काच दिली नाही. "मी नव्हता फोडला," हे त्या अजूनही कोर्टात सांगावं तसं सांगतात. आई गेल्यावर माहेरून त्यांनी एवढी एकच वस्तू मागून आणली.

त्यांचा संशय धाकट्या भावावर, म्हणजे आमच्या मामांवर. मामा आले की त्यांना मुद्दाम जगासमोरच्या खुर्चीत बसवायचं, आणि बोलता बोलता त्यांची नजर कुठे जाते ते टिपायचं. मामाही वस्ताद. दर वेळी उजेड डोळ्यांवर येतो म्हणून खुर्ची फिरवून घ्यायचे.

त्या रविवारी मामा आले. खुर्ची फिरवून झाली. खारू स्वतःचा पेला घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"हिला गं का स्टीलचा?" मामांनी विचारलं.

"मला काच देत नाहीत," खारूच म्हणाली. "मी फोडते ना."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. सासूबाईंची नजर ते कसलं सोडते!

"हात दाखव," त्या मामांना म्हणाल्या.

"या वयात काय गं ताई..."

"दाखव म्हणते ना!"

मामांनी डावी मूठ उघडली. अंगठ्याखाली जुना पांढरा वण होता. तो सायकलवरून पडल्याचा, असं ते आजवर सगळ्यांना सांगत आले होते.

"सायकल नव्हती ताई. जगच होता."

"बघ!" सासूबाई ताडकन उठल्या, माझ्याकडे वळल्या. "मी म्हणत नव्हते? आज आई असती तर हाताला धरून तिच्यासमोर उभा केला असता याला!"

मामांनी मान वर केली नाही. "आईला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"हातातून रक्त येत होतं. पट्टी तिनंच बांधली. म्हणाली, थोरलीला बोलून झालंय आता, तू गप्प राहा."

मामांवर मी मनातल्या मनात तोंडसुख घेत होते, तेही थांबलं. सासूबाई हळूच खाली बसल्या. साऱ्या जगाचे हात तपासणाऱ्या या बाईला आईवर संशय घ्यावा असं कधी सुचलंच नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

"निदान तू तरी सांगायचंस रे," त्या एवढंच म्हणाल्या. मामा रडायला लागले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळानं उठल्या. शोकेस उघडून जग काढला, धुतला, उजेडासमोर फिरवला, नखानं टिचकी मारली. मग काठोकाठ पाणी भरून खारूसमोर ठेवला.

"मामाआजोबांना पाणी दे."

खारूनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "आजी, फुटला तर?"

सासूबाईंची नजर खारूच्या खांद्यावरून तिच्या बोटांपर्यंत जाऊन आलीच. ती खोड जायची नाही.

"फुटला तर फुटला," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं, तर आजीनं फोडला म्हणून सांग."