परसातली बियांची केळी

बायांनो, आज सकाळी मी जेसीबीपुढं खुर्ची टाकून बसले.

गाडी लावायला जागा हवी म्हणून लेक परसातली रानकेळी उपटायला निघाला होता. म्हणाला, "आई, फळात नुसत्या काळ्या बिया. कोण खातंय?"

अठ्ठेचाळीस साली लग्न होऊन सांगलीला आले, तेव्हा पाचगणीखालच्या माहेरातून हिचा मुनवा, बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, मीच आणला. खायची केळी समजून आणला. पहिला घड पिकला, सासूनं घास घेतला आणि दात गमावला. सगळी आळी हसली. पण पानं रुंद होती, म्हणून ठेवली.

शेती कॉलेजातली नात मध्ये पडली. "बाबा, मागल्या साली आपली सगळी केळीची बाग रोगानं का वाळली? सगळी झाडं एकाच झाडाचे मुनवे. बी न्हाई, म्हणून नवं रक्त न्हाई. एकाला रोग लागला की सगळी जात्यात. बिनबियांची केळी असल्याच रानकेळीतनं आली. रोगाला दाद न देणारं वाण असल्यांतच शोधत्यात."

लेकानं ड्रायव्हरला हात केला. जेसीबी माघारी गेला.

मी उठले न्हाई. दुपारी तिथंच जेवले, हिच्याच पानावर.

तुमच्या परसात बियांची केळी आहे का? तोडायच्या आधी कळवा. मुनवा न्यायला मी येते.